अर्ध्यावर उठलेले खेळाडू

आधी माफी मागतो. टेनिसची रॅकेट मी आजवर हातात धरलेली नाही. प्रत्यक्ष कोर्ट पाहिलं तेही एकदाच, पनवेलजवळच्या एका सोसायटीच्या कुंपणाबाहेरून. तेव्हा तिथे कोणी खेळत नव्हतं आणि जाळीवर चादरी वाळत होत्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्याकडे लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं, आणि तोही कोणीतरी सांगेल तसा. त्यामुळे लेख लिहायला बसलो तेव्हा आपण कोणाच्या तरी खुर्चीत बसलोय असंच वाटत होतं. पण कॉलेजच्या अंकासाठी मॅडमनी दोनदा विचारलं, आणि ‘काय लिहू’ म्हटल्यावर म्हणाल्या, ‘जे डोक्यातून जात नाही ते लिही.’ माझ्या डोक्यातून टेनिस जात नाही. सगळं टेनिसही नाही, त्यातली एकच गोष्ट. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

परीक्षेचे दिवस पुन्हा आले आहेत. रोह्यात दुपारी वारा पडतो, आणि फिरला की धाटावच्या कंपन्यांचा आंबूस वास खिडकीतून आत येतो. खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घरातला पंखा फिरतो, पण त्याचा वारा खाली येईपर्यंत गरम होतो. पुस्तक उघडं असतं. काल असाच बसलो होतो आणि फोनवर स्कोअरची सूचना वाजली. युरोपात कुठेतरी लाल मातीवर सामना चालू होता. दुसऱ्या सेटमध्ये आकडे थांबले आणि एका नावापुढे शब्द आला: रिटायर्ड. मी पुस्तक मिटलं, उठलो, पाणी प्यायलो, पुन्हा बसलो. खाला आतून म्हणाली, “काय रे, पेपर टेनिसचा हाय काय तुझा?”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टेनिसमध्ये सामना चालू असताना एखाद्याला दुखापत झाली, चक्कर आली, पोटात कळ आली, तर तो खेळ सोडू शकतो. आधी तो हात वर करतो, डॉक्टर येतो, पाय दाबून बघतो, पट्टी बांधतो. खेळाडू पुन्हा उभा राहतो, दोन-चार फटके मारून बघतो. मग एका क्षणी चेंडू घ्यायच्या ऐवजी तो जाळीकडे चालू लागतो. समोरच्याशी हात मिळवतो, पंचांशी हात मिळवतो, पिशवी उचलतो आणि जातो. झालं. समोरचा जिंकतो, पण त्याला हात वर करून ओरडायचीही लाज वाटते. प्रेक्षक काही टाळ्या वाजवतात, काही चक्क हुर्यो करतात. मी असे कितीतरी सामने फोनवर पाहिले आहेत. मला फटके फारसे कळत नाहीत. मी बघतो ती जाळीपर्यंतची चाल. हरलेला माणूस वेगळा चालतो आणि हा वेगळा चालतो. कसा, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आमच्या गावात टेनिस म्हणजे क्रिकेट. कासूच्या पलीकडे खाडीकडेला आमचं गाव. भात निघालं की खारातली, म्हणजे खाडीला बांध घालून केलेली, जमीन वाळून कडक होते, आणि त्या कडक जमिनीवर रबरी चेंडूच्या स्पर्धा लागतात. त्याला सगळे टेनिसच म्हणतात. म्हणून अब्बा कतारला एका टेनिसच्या संकुलात कामाला लागले तेव्हा गावाची ठाम समजूत झाली की ते तिकडे क्रिकेटचं मैदान बघतात. सचिन माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याच्या बाबांचं, नारायणकाकांचं, आयुष्य मिठागरात गेलं. ते मला भर स्टँडवर विचारायचे, “तुजा बापूस तिकडं टेनिसला हाय ना? मंग आपल्या पोरांना पीच कसा बनवायचा त्ये जरा फोनवर सांगाया सांग. आपला बॉल लय खाली ऱ्हातो.”

एकदा अब्बा सुट्टीला येताना खरोखरच टाकून दिलेल्या चेंडूंची एक मोठी पिशवी घेऊन आले. पिवळे, केसाळ, एका बाजूला झिजलेले. गावातल्या पोरांनी ते क्रिकेटला वापरले. खारातल्या जमिनीवर ते असे उडायचे की विकेटकीपरच्या डोक्यावरून थेट बांधापलीकडे. दोन दिवसांत सगळे चेंडू खाडीत गेले. नारायणकाका म्हणाले, “तिकडची मानसां काय उंच असतील रे.”

त्याच स्पर्धेत सचिनच्या डोळ्याखाली चेंडू बसला होता. तो रिटायर होऊन मंडपात बसला, गालावर बर्फाचा गोळा धरून, आणि नववी विकेट पडल्यावर पुन्हा बॅट घेऊन गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. पहिल्याच चेंडूवर त्याचा दांडा उडाला ते सोडा. क्रिकेटमध्ये रिटायर झालेला परत येऊ शकतो. टेनिसमध्ये नाही. जाळीपाशी हात मिळवला की दार बंद. हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो, का ते तेव्हा कळलं नाही.

अब्बांचं काम खेळाशी तसं लांबचं. पहाटे कोर्ट धुवायचं, पाणी स्पंजच्या रुळाने ओढून काढायचं, छत्र्या उभ्या करायच्या, बर्फाच्या पेट्या खुर्च्यांजवळ नेऊन ठेवायच्या. स्पर्धा असेल तेव्हा सामन्याच्या वेळी आडोशाला उभं राहायचं. एका सामन्यात अब्बांनी नेलेल्या बर्फाच्या पेटीवरच एका पोराने पाय ठेवला. दुसऱ्या दिवशी फोनवर सांगत होते.

“तुझ्याच वयाचा असंल. टाचेला काय झाला व्हता. टॉवेल डोक्यावर घेतला आन् बसला. मला वाटला पानी मागंल. तर रडत व्हता.”

“मग?”

“मंग उठला आन् गेला. मला पयला राग आला, खरा सांगतो. लोकांनी एवढी तिकिटां काढलीत, अर्ध्यावर काय जातोस? पन जाताना त्याचा पाय बघितला. टेकवत नव्हता रे जमिनीला.” मग अब्बा म्हणाले, “त्याच्या मागं कोन नव्हता. बाकीच्यांचे चार-चार लोक असतात. ह्याची पिशवीपन यानंच उचलली.”

मी तेव्हापासून टेनिस बघायला लागलो. आधी त्या पोराचं नाव शोधलं, मग त्याचे सामने, मग कोण कोण कुठे कुठे थांबलं ते. माझ्या लक्षात आलं की नावाजलेले खेळाडू थांबले की बातमी होते, आणि खालच्या क्रमांकावरचे थांबले की फक्त आकडे थांबतात. त्या आकड्यांकडे मी फार वेळ बघत बसायचो. चार-तीन. म्हणजे चौथा गेम जिंकेपर्यंत त्याला वाटत होतं, जमेल.

मागच्या वर्षी याच दिवसांत, माझ्या एस.वाय.च्या परीक्षेच्या तोंडावर, आमच्या घरात एकच प्रश्न होता. अब्बांनी मुदत पूर्ण करावी की मधेच यावं. मुदत डिसेंबरपर्यंत होती. पूर्ण केली तर कंपनी हक्काचं सगळं देऊन, तिकीट काढून पाठवणार. मधे सोडली तर ते सगळं बुडतं आणि पुन्हा बोलावणं येत नाही. त्यावर घराचा वरचा स्लॅब अडला होता, आणि माझं पुढचं शिक्षण. मला एम.ए. करायचं होतं. अजून करायचं आहे. हे मी मोठ्याने कोणाला सांगत नसे, पण घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि तेच जास्त टोचायचं.

प्रश्न निघाला तो असा. अब्बा कोर्टावर पाणी ओढताना पडले. हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या खोलीत राहणाऱ्या एकाने अम्मीला फोन केला. पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते, रात्री बसून झोपतात. अम्मीने विचारलं तर अब्बा हसले.

“पडलो नाय गो, बसलो.”

“वल्या कोर्टावर बसलात?”

“गार वाटतो.”

अम्मीने फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, “डॉक्टरला दाखवा.” ते म्हणाले, “दाखवला. गोळी दिलीय. तुझा पेपर कधी?” मी तारीख सांगितली. ते म्हणाले, “मंग त्याचा बघ.”

मला खरं म्हणजे दोनच शब्द बोलायचे होते: या परत. ते तोंडापर्यंत यायचे आणि तिथे थांबायचे. कारण ते मीच बोललो असतो तर माझ्यासाठीच अडलेली गोष्ट मीच सोडून दिल्यासारखं झालं असतं. आणि नाही बोललो तर माझ्यासाठीच एक माणूस उन्हात पाणी ओढत राहणार होता. दोन्हीकडून मीच.

आमच्या गावात अर्ध्यावर सोडणं ही साधी गोष्ट नाही. खाडीच्या बांधाला खांड पडली की, म्हणजे भरतीच्या पाण्याने बांध फुटला की, घरटी एक माणूस उतरतो. हिंदू-मुसलमान, मिठागरवाले-शेतीवाले, सगळे. चिखलात छातीपर्यंत उभं राहायचं, हातोहात मातीचे गोळे पुढे द्यायचे, आणि खांड बुजेपर्यंत कोणी वर यायचं नाही. मधला एक माणूस निघाला की रांग तुटते आणि पाणी आत येतं. पाणी आत आलं की जमीन खारवते, तीन-तीन वर्षं भात होत नाही. अब्बा तरुण असताना अशाच एका खांडीत त्यांच्या पायाच्या पोटरीत कालवाची शिंप घुसली. ते वर आले नाहीत. पाणी लाल झालेलं बाजूच्याला दिसलं तेव्हा कळलं. नारायणकाका अजून ते सांगतात आणि शेवटी म्हणतात, “असा मानूस पायजे.”

हे ऐकत मी मोठा झालो. त्यामुळे टेनिसमधली ती जाळीपर्यंतची चाल मला पहिल्यांदा गुन्ह्यासारखी वाटली असेल तर नवल नाही. पण मग विचार यायचा, कोर्टावर रांग कुठे असते? तो एकटाच उभा असतो. तो निघाला तर कोणाची जमीन खारवते? आणि लगेच दुसरा विचार यायचा, आपल्या घराची रांग अब्बांपासून माझ्यापर्यंत आहे, आणि पुढच्या टोकाला मी कोरडा बसलोय. असं उलटसुलट चालायचं. अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं एक पान मी त्या दिवसांत इतक्यांदा वाचलं की आजही डोळ्यांसमोर येतं. त्यावर काय लिहिलं होतं ते मात्र आठवत नाही.

अब्बा पहिल्यांदा कतारला निघाले ते पेणजवळच्या रामवाडीहून. तिथे हायवेवर गाडी येणार होती, त्यात आणखी दोघे होते, सगळे विमानतळाकडे जाणारे. अम्मीने पेणच्या बाजारातून पोहे आणि पापड बांधून घेतले होते. आमच्याकडे जाणाऱ्याला ‘कधी येणार’ असं विचारत नाहीत. ‘पोचल्यावर फोन करा’ एवढंच म्हणतात. मी तेव्हा शाळेत होतो. अब्बा गाडीत बसले आणि काच खाली करून मला म्हणाले, “शाळा बुडवू नको.” गाडी गेल्यावर अम्मी म्हणाली, “चल, तुला वडापाव घेते.” तो वडापाव मी संपवला नाही हे आठवतं, आणि अम्मीने उरलेला खाल्ला हेही आठवतं.

परीक्षेसाठी मी रोह्याला खालाकडे राहत होतो, कारण आमच्या स्टेशनावरून गाड्या मोजक्याच, आणि एक चुकली तर पेपर चुकला. संध्याकाळी कुंडलिकेच्या काठी फिरायला जायचो. पुस्तक बरोबर असायचं. बसायचो, उठायचो, पुलापर्यंत जायचो, परत यायचो. फोनवर सामना चालू असायचा. त्या वर्षी मातीवर बरेच जण थांबले, की मीच तेवढे शोधत होतो, कोण जाणे. एक जण पहिला सेट जिंकूनही थांबला. त्याला बघून मी उभाच राहिलो. पुढे असतानाही माणूस थांबू शकतो, हे मला सुचलंच नव्हतं.

सचिन धाटावला कंपनीत शिफ्टला यायचा, सुटल्यावर कधीकधी घाटावर येऊन बसायचा. कॉलेज त्याने पहिल्याच वर्षी सोडलं होतं. मी त्याला फोन दाखवून सगळं समजावून सांगितलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, “तुझ्या हिरोला बरं हाय. पोटात दुखलं, चालला घरी. आमच्या इथं अर्धी शिफ्ट टाकून जातो बोललो तर सुपरवायझर गेटपर्यंत सोडायला येईल. कायमचा.”

“तोही कायमचाच जातो, त्या स्पर्धेतून.”

“पुढच्या हप्त्यात दुसरी स्पर्धा असते ना त्याला?”

“असते.”

“मग? बापाला हाय का तुझ्या दुसरी?”

मी फोन खिशात ठेवला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. “चिडू नको रे. चल, पावभाजी खाऊ. डोकं खाऊन खाऊन तुझं पोट भरत नाय.”

खाला तेव्हा विचित्र वागायची. अम्मीचा फोन आला की घरात बोलत बोलत मागच्या दाराने बाहेर जायची. एकदा मी पाणी प्यायला उठलो तर तिचा आवाज आला, “काय गो आपा, असा किती दिवस चालंल? पोरगा वाळून चाललाय हिकडं.” मला बघितल्यावर म्हणाली, “तुज्या अम्मीला सांगते, पोरगा जेवत नाय.” आणि खरोखरच जास्तीची भाकरी ताटात टाकली. मला वाटलं अब्बांचं दुखणं वाढलंय आणि माझ्यापासून लपवतायत. त्या रात्री मी काहीच वाचलं नाही.

अब्बांचा फोन मात्र रोज यायचा. आधी चेहरा दिसायचा. परीक्षा सुरू झाली तसे ते नुसतंच बोलू लागले. “नेट बरोबर नाय इकडं, असाच बोल.” आवाज बरा वाटायचा. उलट जरा जास्तच बरा. पेपर कसा गेला विचारायचे, प्रश्न किती सोडले विचारायचे. एकदा मी धीर करून म्हणालो, “अब्बा, टेनिसमध्ये कसं असतं, जमत नसेल तर खेळाडू सांगतो. त्यात कमीपणा नसतो.”  मग ते म्हणाले, “व्हय. बघितलाय मी.” आणि मग, “उद्या कसला पेपर हाय?”

माझं बोलणं तेवढंच झालं. दोन शब्द तेव्हाही बोललो नाही. टेनिसच्या आडून जेवढं बोलता आलं तेवढं बोललो. पुढचा पेपर लिहिताना मधेच हात थांबला. शेजारचा मुलगा पुरवणी मागत होता. मला वाटलं, आता उठावं, उत्तरपत्रिका टेबलावर ठेवावी आणि सरळ कासूला जावं, अम्मीला सांगावं की बोलवून घे त्यांना, मी कंपनीत लागतो. उठलो नाही. का उठलो नाही, ते धैर्य होतं की नुसती सवय, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. हे लिहिताना तरी सापडेल असं वाटलं होतं.

शेवटचा पेपर सुटला तेव्हा ऊन रणरणत होतं. बाहेर आलो तर गेटसमोर सचिन मोटारसायकल घेऊन उभा. या वेळी तो कंपनीत असायला हवा होता. हँडलला माझीच बॅग लटकत होती.

“बस.”

“माझी बॅग तुझ्याकडे कशी?”

“खालानं दिली. बस ना तू.”

मी बसलो नाही. “काय झालंय सचिन? अब्बांना काय झालंय?”

“काय झाला नाय. आधी पानी पी.” त्याने बाटली पुढे केली. मी घेतली नाही. तो माझ्याकडे बघून हसला, मग हसू आवरलं. “तुझा बापूस घरी हाय.”

“कुठल्या घरी?”

“कुठल्या म्हंजे? तुझ्या. तुझा पयला पेपर व्हायच्या आधीच आला. बाबा न् मी रामवाडीला आणाया गेलतो. डॉक्टरला दाखवलाय पेणला, पायाची सूज उतरलीय आता. पडवीत बसून ऱ्हातो.”

“पण फोन तर रोज...”

“पडवीतूनच करायचा. तुझी आई तवर कोंबड्या हाकलत फिरायची, आवाज येईल म्हणून. सगळ्या गावाला म्हाईत हाय. पोराचा पेपर हाय, कोन बोलायचा नाय, असा ठरलेला.”

रस्त्यावरून पोरं ओरडत चालली होती, परीक्षा संपल्याच्या आनंदात. मला खूप काही विचारायचं होतं. पण माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा:

“आणि कॉन्ट्रॅक्ट?”

सचिनने किक मारली. “ते ऱ्हायला तिकडंच. मानूस आलाय.”